चिठ्ठी लिहिली जाते त्या क्षणी

अँजिओप्लास्टी आता मुंबईच्या उपनगरांत नवलाची राहिलेली नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही राहत असलात तरी कॅथलॅब असलेलं हॉस्पिटल फार लांब नसतं. २०१७च्या फेब्रुवारीत सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातल्यापासून मध्यमवर्गीय घरांना तो खर्च निदान विचारात तरी घेता येतो. जाळी बसते, दोन-तीन दिवसांत पेशंट घरी येतो आणि हातात डिस्चार्ज कार्ड पडतं. त्यावरच्या यादीत इकोस्प्रिन असते, कोलेस्टेरॉलची गोळी असते आणि पुष्कळदा ७५ मिलिग्रॅमची क्लोपिडोग्रेल असते. जाळीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ही शेवटची गोळी महिनोन्‌महिने, एकही दिवस न चुकवता घ्यायची असते.

ही गोळी पोटात जाते तेव्हा ते खरं तर औषध झालेलं नसतं. रक्तात गेलेल्या क्लोपिडोग्रेलचा सुमारे ८५ टक्के भाग शरीर परस्पर निकामी करून टाकतं. उरलेल्या भागावर यकृतात दोन टप्प्यांत प्रक्रिया होते, तेव्हा कुठे रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटण्यापासून रोखणारा पदार्थ तयार होतो. या कामात सीवायपी२सी१९ नावाच्या एन्झाइमचा मोठा वाटा असतो. ते एन्झाइम कसं घडवायचं हे ज्या जनुकात लिहिलेलं असतं, त्याच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. त्या मजकुरात ६८१व्या जागी एकच अक्षर बदललं तर त्या प्रतीतून कामाचं एन्झाइम तयार होत नाही. एक प्रत बिघडलेली असेल तर गोळीचा परिणाम कमी होतो. दोन्ही बिघडलेल्या असतील तर गोळी वेळच्या वेळी घेऊनही फारसा उपयोग होत नाही, आणि हे ना पेशंटला जाणवतं, ना डॉक्टरला दिसतं.

हा फरक दुर्मीळ असता तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. युरोपीय वंशाच्या लोकांत बिघडलेली प्रत बाळगणारे अल्पसंख्य आहेत. दक्षिण आशियात चित्र उलटं आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या बांगलादेशी आणि पाकिस्तानी वंशाच्या चाळीस हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५७ टक्के लोकांमध्ये या जनुकाची निदान एक प्रत तरी निकामी निघाली. भारतातल्या अभ्यासांचा कलही तोच आहे. म्हणजे ज्या औषधावर आपण हृदयाची जाळी सोपवतो, ते निम्म्या लोकांत पूर्ण ताकदीने चालत नसण्याची शक्यता आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळीच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा २०१० साली छापला. इतकी वर्षं माहीत असलेली गोष्ट डिस्चार्ज कार्ड लिहिणाऱ्या हातापर्यंत का पोचत नाही, हा माझ्या मते या विषयातला खरा प्रश्न आहे.

जनुक पाहून औषध ठरवण्याबद्दल आपण बोलतो तेव्हा सगळं लक्ष तपासणीकडे असतं. थुंकी द्या, रक्त द्या, चाळीस पानांचा रिपोर्ट घ्या. पण रिपोर्ट असणं आणि चिठ्ठी लिहिली जात असताना तो समोर असणं यांत फार अंतर आहे. रेसिडेंट डॉक्टर वॉर्डात वीस डिस्चार्ज उरकत असतो. त्याने शंभराहून अधिक औषधं आणि त्यांच्याशी नातं असलेली डझनावारी जनुकं डोक्यात ठेवावीत, ही अपेक्षाच गैर आहे. ती आठवण यंत्राने करून द्यायची. डॉक्टर औषधाचं नाव टाइप करतो त्याच क्षणी पेशंटची जनुकीय माहिती तपासून ‘इथे थांबा, हे पाहा’ असं सांगणारी व्यवस्था म्हणजे क्लिनिकल डिसिजन सपोर्ट. निर्णय डॉक्टरचाच राहतो.

ही कल्पना परदेशी वाटत असेल तर परळला जाऊन यायला हवं. १९५२ साली केईएम हॉस्पिटलमध्ये वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना अशी माणसं आढळली की ज्यांचं रक्त नेहमीच्या चाचणीत ‘ओ’ भासे, पण ‘ओ’ रक्तही त्यांना चालत नसे. ब्रिटिश सहकाऱ्यांसह त्यांनी तो शोध ‘लॅन्सेट’मध्ये मांडला आणि ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव जगभर गेलं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. भाटिया पुढे ज्या संस्थेचे संचालक झाले, ती राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आजही केईएमच्या आवारात आहे. पण शोध लागून तो लेखात छापला गेला एवढ्याने कुणाचाही जीव वाचत नव्हता. रक्तपेढीतल्या कामाच्या रीतीत तो शिरला तेव्हा वाचू लागला. पेशंटच्या तांबड्या पेशी तपासून ‘ओ’ आलं तरी काम संपवायचं नाही, त्याचा सीरम ‘ओ’ पेशींबरोबरही मिसळून पाहायचा. खऱ्या ‘ओ’ माणसाच्या सीरममध्ये गुठळ्या होत नाहीत, बॉम्बे गटाच्या सीरममध्ये होतात. टेबलावरच्या तंत्रज्ञाला भेंडे-भाटियांचा लेख पाठ असण्याची गरज नाही. नियम त्याच्या हाताखालच्या ‘ओ’ पेशींच्या टेस्टट्यूबमध्ये बसवलेला आहे, आणि पिशवी बाहेर पडण्याआधी तो पाळावाच लागतो.

परळमध्येच, तेव्हाच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये, एल. डी. संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या पारशी समाजात जी६पीडी या एन्झाइमच्या कमतरतेचा अभ्यास केला. ही कमतरता असलेल्या माणसाला मलेरियावरची प्रायमाक्विन दिली तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. लघवी काळपट होते, कावीळ दिसते, हिमोग्लोबिन झपाट्याने उतरतं. त्या काळच्या फॅमिली डॉक्टरकडे यावर स्वतःचा उपाय होता. तो पेशंटचं आडनाव पाहायचा, समाज ओळखायचा आणि जपून औषध द्यायचा. दादर पारशी कॉलनीत हे चालून गेलं. पण आजच्या अंधेरीत एकाच इमारतीत कच्छी, कोकणी, मल्याळी, बिहारी कुटुंबं राहतात, आणि जी६पीडीची कमतरता त्यांतल्या कुठल्याही घरात असू शकते. आडनावावरून जनुक ओळखण्याचे दिवस गेले. ते मोजावं लागतं आणि मोजलेलं जपून ठेवावं लागतं.

आता एक नियम जवळून पाहू. पेशंटच्या नोंदीत सीवायपी२सी१९च्या दोन्ही प्रती निकामी प्रकारच्या आहेत आणि डॉक्टर क्लोपिडोग्रेल लिहितो आहे, असं समजू. सॉफ्टवेअरचं पहिलं काम भाषांतराचं. प्रयोगशाळेच्या सांकेतिक खुणांवरून ते ‘या माणसात हे औषध क्रियाशील होत नाही’ अशा निष्कर्षाला येतं. दुसरं काम, औषध कशासाठी दिलं जातंय हे पाहण्याचं, कारण जाळीनंतर आणि पक्षाघातानंतर सल्ला वेगळा असतो. तिसरं काम पर्याय सुचवण्याचं, आणि चांगलं सॉफ्टवेअर कोणतं ते इथेच कळतं. प्रासुग्रेल सुचवायची, तर आधी पक्षाघात होऊन गेलेल्याला ती चालत नाही. पंचाहत्तरीच्या पुढे ती सहसा टाळतात आणि ६० किलोच्या खाली वजन असेल तर मात्रा कमी लागते. टिकाग्रेलॉर सुचवायची, तर ती दिवसातून दोनदा घ्यावी लागते आणि काहींना तिने धाप लागल्यासारखं होतं. दोन्हींनी रक्तस्रावाचा धोका क्लोपिडोग्रेलपेक्षा वाढतो.

मुंबईत आणखी एक प्रश्न विचारावाच लागेल: पेशंट टीबीची औषधं घेतोय का? रिफाम्पिसिन यकृतातल्या काही एन्झाइमचं काम इतकं वाढवते की टिकाग्रेलॉर रक्तात पुरेशी टिकतच नाही, म्हणून ती दोन औषधं एकत्र टाळायची असतात. ॲमस्टरडॅममध्ये लिहिलेल्या नियमात ही अट तळाला कुठेतरी असेल. घाटकोपरसाठी लिहिताना ती वरच हवी. क्षयाच्या बाबतीत जनुकं वाचून सल्ला देण्याचं काम तर उपनगरातच चालू आहे. पवईच्या आयआयटीत उभी राहिलेली हेस्टॅक ॲनालिटिक्स ही कंपनी क्षयाच्या जंतूचा जिनोम वाचून कोणत्या औषधाला तो दाद देणार नाही हे सांगणारं सॉफ्टवेअर बनवते. तिथे वाचतात ते जंतूचं जनुक, इथे वाचायचं पेशंटचं. पण मजकुरातून नियमाकडे आणि नियमातून सल्ल्याकडे जाण्याची रीत एकच आहे.

इशारे देणारी सॉफ्टवेअर मोठ्या हॉस्पिटलांत याआधीही आली, आणि त्यांचं काय झालं ते नीट नोंदलेलं आहे. २००६ साली जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा डॉक्टरांनी औषधविषयक इशारे ४९ ते ९६ टक्के वेळा बाजूला सारल्याचं दिसलं. यात डॉक्टरांना दोष देऊन भागणार नाही. क्षुल्लक गोष्टींसाठी दिवसभर लाल चौकटी उघडत राहिल्या की बोट आपोआप ‘पुढे’वर जातं आणि महत्त्वाची चौकटही त्याच बोटाखाली जाते. त्यामुळे काय दाखवायचं याच्याइतकंच काय दाखवायचं नाही हे ठरवणं अवघड आहे. जी सूचना वाचून औषध, मात्रा किंवा तपासणी यांपैकी काहीच बदलणार नाही, ती पडद्यावर येताच कामा नये.

जनुक नॉर्मल असूनही गोळी कमी पडू शकते, हेही सॉफ्टवेअरला कळायला हवं. ॲसिडिटीवरची ओमेप्राझोल नेमक्या याच सीवायपी२सी१९ला अडवते. आपल्याकडे ॲसिडिटीची गोळी कुणी डॉक्टरला विचारून घेत नाही. हृदयरोगतज्ज्ञाने पॅन्टोप्राझोल लिहिलेली असते आणि घरातल्या डब्यात ओमेप्राझोल पडलेली असते. नुसतं जनुक पाहणारी यंत्रणा इथे चुकते. माणूस त्या दिवशी काय काय घेतोय हे ज्याला ठाऊक असेल तोच नीट सल्ला देऊ शकतो. हे ज्याला सर्वांत जास्त ठाऊक असतं तो हॉस्पिटलमध्ये बसत नाही, पण त्याच्याकडे नंतर येतो.

आधी बोरिवलीला जाऊ, कारण नियम कुणाच्या जनुकांवरून लिहिले गेले हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त टोचतो. बोरिवली पूर्वेला महापालिकेचं थॅलेसेमिया, लहान मुलांचे रक्ताचे कर्करोग आणि बोन मॅरो प्रत्यारोपण यांसाठीचं केंद्र आहे. मुलांमधल्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या उपचारात ६-मर्कॅप्टोप्युरिन ही गोळी दीर्घकाळ, रोज घ्यावी लागते. काही मुलांना नेहमीच्याच मात्रेने पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात, ताप येतो, संसर्ग होतो आणि कर्करोगाचा उपचार थांबवावा लागतो. पाश्चात्त्य देशांत याचं कारण टीपीएमटी नावाच्या जनुकात सापडलं होतं. अनेक वर्षं तपासणी त्याचीच होई, सॉफ्टवेअरमधले नियमही त्याचेच असत.

आपल्या मुलांत मात्र टीपीएमटीचे बिघाड तुलनेने कमी आढळतात. त्यांच्या त्रासामागे पुष्कळदा दुसरंच जनुक असतं, एनयूडीटी१५. औषध न पेलण्याशी त्याचं नातं २०१४ साली कोरियातल्या पेशंटांच्या अभ्यासातून पुढे आलं आणि मग जपान, चीन, भारत सगळीकडे तेच दिसलं. जनुकानुसार औषधाचे नियम तयार करणाऱ्या सीपीआयसी या आंतरराष्ट्रीय गटाने त्याचा समावेश आपल्या मार्गदर्शनात केला तो २०१८-१९मध्ये. एनयूडीटी१५च्या दोन्ही प्रती निकामी असतील तर शरीराच्या दर चौरस मीटरमागे दिवसाला १० मिलिग्रॅमपासून सुरुवात करा, असं ते मार्गदर्शन सांगतं. नेहमीची मात्रा याच्या पाच-सातपट असते.

त्याआधीच्या वर्षांत बोरिवलीच्या एखाद्या मुलाची टीपीएमटी तपासणी झाली असती, तर सॉफ्टवेअरने हिरव्या अक्षरांत ‘नॉर्मल’ लिहिलं असतं. ते खोटं नव्हतं, आणि तरी मुलाला घातक ठरू शकलं असतं. ‘काही सापडलं नाही’ आणि ‘काही धोका नाही’ ही दोन वाक्यं पडद्यावर सारखी दिसू नयेत, हा या सॉफ्टवेअरच्या रचनेतला सर्वांत महत्त्वाचा नियम असायला हवा असं मला ठामपणे वाटतं. कोणती जनुकं तपासली, त्यांतले कोणते फरक तपासले आणि कोणते तपासलेच नाहीत, हे निकालाच्या शेजारीच छापलेलं असावं. भारतातल्या ८३ समाजगटांमधल्या सुमारे दहा हजार लोकांचे जिनोम वाचण्याचं ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पाचं काम पूर्ण होऊन २०२५च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. आपल्या नियमांचा पाया त्या कामातून घडू शकतो.

आता पुन्हा गोळी देणाऱ्याकडे. नेदरलँड्समध्ये औषधविक्रेत्यांच्या संघटनेने २००५ साली जनुक आणि औषध यांचे नियम लिहायला गट नेमला. ते नियम देशभरातल्या औषधदुकानांच्या आणि फॅमिली डॉक्टरांच्या कॉम्प्युटरमध्ये उतरले. म्हणजे चिठ्ठी कुठल्याही डॉक्टरची असो, पेशंटची जनुकीय नोंद असेल तर दुकानातलं सॉफ्टवेअर ती तपासतं. पुढे युरोपातल्या सात देशांत ६,९४४ पेशंटांवर एक मोठी चाचणी झाली आणि २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचा निकाल आला. बारा जनुकं आधीच तपासून पेशंटच्या हाती क्यूआर कोड असलेलं प्लास्टिकचं कार्ड दिलं जाई. कोणत्याही डॉक्टरने किंवा फार्मासिस्टने ते स्कॅन केलं की त्या माणसापुरता सल्ला उघडे. ज्यांच्या जनुकांमुळे औषध बदलण्याची गरज होती, त्यांच्यात गंभीर म्हणण्याजोगे दुष्परिणाम २७.७ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले. हा निकाल डोळे झाकून घेऊ नये. ज्यांच्या जनुकांत बदलण्यासारखं काही नव्हतं, त्यांच्यातही त्रास कमी नोंदला गेला. म्हणजे फरकाचा काही भाग जास्त काळजीने पाहिल्यामुळेही पडला असावा. शिवाय भाग घेणारे जवळजवळ सगळे युरोपीय वंशाचे होते.

तरी त्या कार्डामागचा विचार मला मुंबईसाठी फार योग्य वाटतो. आपला पेशंट एका हॉस्पिटलचा नसतो. घाटकोपरचा माणूस छातीत दुखलं म्हणून राजावाडीला जातो, अँजिओप्लास्टी परळला करतो, फॉलोअपला नात्यातल्या कुणाच्या ओळखीने मुलुंडला जातो आणि बारीकसारीक तापाला गल्लीतल्या डॉक्टरकडे. एका हॉस्पिटलचा कॉम्प्युटर दुसऱ्याशी बोलत नाही. बोलते ती फक्त प्लास्टिकची पिशवी: ईसीजीच्या पिवळ्या पडलेल्या पट्ट्या, अँजिओग्राफीची सीडी, तीन वेगळ्या हस्ताक्षरांतल्या चिठ्ठ्या, केमिस्टची बिलं. जनुकीय सल्ला हॉस्पिटलच्या सर्व्हरमध्ये कोंडून ठेवला तर तो त्या हॉस्पिटलच्या गेटवरच संपतो. तो पेशंटबरोबर चालला पाहिजे. २०२१च्या सप्टेंबरपासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा आकडी आभा क्रमांक आहेच. त्याला जोडलेल्या नोंदीत बारा-पंधरा जनुकांची एक ओळ मावायला तांत्रिक अडचण नाही.

आणि ती ओळ वाचणारा माणूस म्हणजे केमिस्ट. त्याच्या काउंटरवर बिलिंगचं सॉफ्टवेअर आजही असतं, पण ते स्टॉक, एक्स्पायरी आणि जीएसटी एवढंच पाहतं. दर महिन्याला क्लोपिडोग्रेलची पट्टी न्यायला येणाऱ्या काकूंना तो नावाने ओळखतो. काकांसाठी सोबत ओमेप्राझोल मागितली जाते तेव्हा काउंटरवर तोच असतो. ‘काकू, ही नको, डॉक्टरांना एक फोन करून घ्या,’ एवढं त्याने वेळीच म्हटलं तरी पुष्कळ काम झालं. यासाठी काउंटरवर प्रशिक्षित फार्मासिस्ट खरोखर हजर असायला हवा, नुसतं त्याचं रजिस्ट्रेशन भिंतीवर टांगलेलं असून चालणार नाही. त्याने औषध स्वतःहून बदलायचं नाही, फक्त थांबवून विचारायचं.

मग सगळ्यांचीच तपासणी करावी का? पुरावा जेवढा आहे तेवढंच म्हणायला हवं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या टेलर-पीसीआय या चाचणीत ५,३०२ पेशंट होते. निकामी प्रत असलेल्यांना जनुक पाहून औषध दिल्यावर हृदयविकाराच्या घटना सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसल्या, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला तो फरक थोडक्यात उतरला नाही. त्याआधी २०१९ साली मुख्यतः नेदरलँड्समधल्या २,४८८ पेशंटांच्या चाचणीत उलट बाजू दिसली. ज्यांची जनुकं ठीक होती त्यांना जोरकस औषधाऐवजी क्लोपिडोग्रेल दिली, तर संरक्षण कमी झालं नाही आणि रक्तस्राव घटला. आपल्या खिशाच्या दृष्टीने हे दुसरं उत्तर मोलाचं आहे, कारण स्वस्त गोळी कुणाला निर्धास्त देता येईल हेही जनुकच सांगतं. पक्षाघाताबाबत पुरावा अधिक ठोस आहे. चीनमध्ये निकामी प्रत असलेल्या ६,४१२ पेशंटांत टिकाग्रेलॉर घेणाऱ्यांना नव्वद दिवसांत पुन्हा पक्षाघात होण्याचं प्रमाण ६ टक्के होतं, क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांत ७.६. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२४ साली गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातानंतर क्लोपिडोग्रेल देण्याआधी जनुक तपासण्याची शिफारस केली. ज्या देशात निकामी प्रत असलेले कमी, तिथे ही शिफारस झाली. आपल्याकडे सुरुवात करायची तर पक्षाघाताच्या वॉर्डापासून आणि ल्युकेमियाच्या मुलांपासून करावी.

जनुक जन्मभर बदलत नाही, पण त्याचा अर्थ बदलत राहतो. एनयूडीटी१५ने ते दाखवून दिलंच आहे. त्यामुळे रिपोर्टवर केवळ ‘नॉर्मल’ किंवा ‘मंद’ असा शिक्का मारून घेणं पुरेसं नाही. तपासलेल्या प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रतींची मूळ नोंद, तपासणीची तारीख आणि कोणत्या वर्षीचे नियम लावले ते लिहून घ्यावं. नवा नियम आला की तीच नोंद पुन्हा वाचता येते, पुन्हा रक्त द्यावं लागत नाही. हे पुन्हा वाचण्याचं काम कुणाचं, हे मात्र आजवर कुणी ठरवलेलं नाही. प्रयोगशाळा रिपोर्ट देऊन मोकळी होते, हॉस्पिटलचा डिस्चार्ज झालेला असतो आणि सॉफ्टवेअर कंपनीचा करार वर्षाचा असतो. रक्तगटांचं ज्ञान टेबलावरच्या टेस्टट्यूबपर्यंत आणणाऱ्या परळच्या परंपरेकडेच हे काम जावं असं मला वाटतं: भारतीय जनुकांसाठीचे नियम लिहिणारी, दरवर्षी सुधारणारी आणि कुठल्याही हॉस्पिटलला, कुठल्याही केमिस्टला ते फुकट उतरवून घेऊ देणारी एक सार्वजनिक संस्था. नियम एकदा असे उघड्यावर आले की सॉफ्टवेअर लिहिणारे हात अंधेरी-पवईत पुष्कळ आहेत.